पगडी आणि पखालीचा बैल



आजचा विषय संयोजकांनी पत्राने कळवला, तेव्हा ते पत्र मी दोनदा वाचलं. ‘गावाकडचा अधू मुलगा आणि त्याचा नायक.’ कथांतून, नाटकांतून, सिनेमांतून ही जोडी आपल्याला पुन्हा पुन्हा भेटते, तिच्याविषयी मी बोलावं अशी त्यांची अपेक्षा आहे. मी बोलेन. पण बसून बोलेन, एवढी परवानगी द्या. तिसऱ्या वर्षी पोलिओनं माझा उजवा पाय नेला, आणि तो नेला तो इथेच, उज्जैनच्या या भैरवगढमध्ये. आजही या सभागृहात मी माझ्या पायांनी चढून आलेलो नाही. दोन तरुणांनी मला खुर्चीसकट वर आणलं. ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो, ते वर्गात सांगायचे, की इतिहास सांगायला लागण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते सांगून टाकावं. मी कुठे बसलो आहे ते सांगून टाकलं. आता पुढे जाऊ.

ही गोष्ट साधारण कशी असते? गाव असतं. एक मुलगा असतो, पायानं अधू किंवा डोळ्यांनी. घरात गरिबी. मुलाच्या मनात कुणीतरी एक नायक असतो, पहिलवान, सैनिक, नट, क्रिकेटपटू. मग काही घडतं, नायक भेटतो किंवा नायकाचं नाव उपयोगी पडतं, आणि शेवटी मुलगा धावतो, पोहतो, जिंकतो. आपण डोळे पुसतो आणि बरं वाटून घरी जातो. बरं कुणाला वाटतं? आपल्याला. त्या मुलाला काय वाटतं, हे आपण विचारत नाही.

हे आजचं नाही. आपल्या परंपरेत पांगळ्याला दोनच जागा आहेत. एक, तो मागच्या जन्माचं फेडतो आहे. एकनाथांच्या भारुडांत आंधळा येतो, पांगळा येतो, मुका येतो, बहिरा येतो, आणि प्रत्येकाचं व्यंग हे कुठल्या ना कुठल्या चुकीचं रूपक असतं. नाथांच्या करुणेबद्दल मला शंका नाही, त्यांना माणसाच्या मनाचं पांगळेपण दाखवायचं होतं. पण ते भारूड अंगणात रंगात आलेलं असताना कोपऱ्यात खरोखरच पांगळं पोर बसलेलं असतं, त्यानं काय ऐकायचं? दुसरी जागा चमत्काराची. गीता म्हणण्याआधी आपण जे ध्यानाचे श्लोक म्हणतो, त्यात ईश्वराच्या कृपेनं पांगळा डोंगर ओलांडतो. शाळेत तो श्लोक माझ्याकडून मोठ्यानं म्हणवून घेतला जाई, आणि म्हणताना सगळा वर्ग माझ्या पायाकडे बघत असे. डोंगर न ओलांडता, पायथ्याशी राहून शहाण्या माणसासारखं जगणारा पांगळा आपल्या गोष्टींत कुठे आहे? सूर्याचा सारथी अरुण मांड्यांवाचून जन्मला, त्याचं नावच अनूरु. तो रोज रथ हाकतो, त्याला पाय फुटावेत म्हणून कुणी तप करत नाही. त्याची आठवण मात्र आपण फारशी काढत नाही.

एक अपवाद मी मनापासून नोंदवतो. २००४ साली संदीप सावंत यांचा ‘श्वास’ आला. ‘श्यामची आई’ला मिळालेलं सुवर्णकमळ पन्नास वर्षांनी पुन्हा मराठी चित्रपटाकडे आलं, ते या चित्रपटामुळे. कोकणातला लहानगा परशा, त्याच्या डोळ्यांत कर्करोग. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, दृष्टी जाईल. त्याचे आजोबा, अरुण नलावडे यांनी ते उभे केले आहेत, काय करतात? शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नातवाला रुग्णालयातून बाहेर नेतात आणि जेवढं दाखवता येईल तेवढं जग त्याला दाखवतात. बस, एवढंच. चमत्कार नाही, डोळे परत येत नाहीत. पण त्या पोराचा नायक कोण, याबद्दल कुणाला शंका उरते का? मी तो चित्रपट इंदूरला पाहिला. बाहेर पडताना मला माझ्या लहानपणीचं एक पाठुंगळीचं ओझं आठवलं. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

माझा नायक कोण होता? भैरवगढच्या मराठी घरातल्या पांगळ्या पोराला नायक शोधायला लांब जावं लागत नव्हतं. काळभैरवाच्या देवळात जा. देवाच्या मस्तकावर पगडी असते, ती मराठी धाटणीची. बाहेरगावचे भाविक इथे येतात ते देवाला मद्याचा नैवेद्य दाखवायला, बशी देवाच्या मुखाशी धरली की ती रिकामी कशी होते ते बघायला. आम्हा मराठी पोरांना मात्र घरातून सांगितलेलं असे, की आधी पगडी बघ. ती महादजी शिंद्यांची. म्हणजे, परंपरा अशी सांगते, की शत्रूनं घेरलेल्या काळात महादजींनी इथे येऊन आपली पगडी उतरवून देवाच्या चरणी ठेवली, विजय मागितला, आणि यश मिळाल्यावर देवळाचा जीर्णोद्धार केला. तेव्हापासून शिंद्यांच्या घराण्याची पगडी देवाच्या मस्तकी असते.

माझी आजी मला ही गोष्ट सांगायची. आमचं घराणं शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेलं, घरात मराठी बोलत, अंगणापलीकडे माळवी. आजीच्या गोष्टीत महादजी कधी ‘महादजी’ नसायचे. ‘पाटीलबाबा’. दिल्लीच्या बादशहाचा कारभार हातात आल्यावरही स्वतःला साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचा पाटील म्हणवणारा माणूस. आणि गोष्ट संपताना आजी हमखास सांगायची, ‘आणि ते तुझ्यासारखेच लंगडत होते बरं.’

तुझ्यासारखेच! सहा-सात वर्षांच्या पोराला हे ऐकून काय होतं, हे मी तुम्हाला कसं सांगू?

त्याच सुमारास आईनं काळभैरवाला नवस बोलला होता. पोराचा पाय बरा होऊ दे, चांदीचा पाय वाहीन. नवसाच्या दिवशी मला देवळात नेलं. आई हात जोडून उभी, माझी नजर पगडीवर. परत आल्यावर मी आजीला विचारलं, पाटीलबाबांनी पगडी ठेवली तेव्हा पायाचं काय मागितलं? आजी जात्यावर होती. तिचा हात थांबला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘नाही रे. पायाचं काही मागितलं असं कुणी सांगत नाही. त्यांनी विजय मागितला.’

ती माळव्यातली निरक्षर बाई. पण आयुष्यभर मी जे वाचलं, शिकलो, शिकवलं, त्यात या उत्तराच्या तोडीचं मला फार थोडं मिळालं. पगडी ठेवल्याची ही कथा दंतकथा आहे, हे मला मान्य आहे. पण लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांगताना त्या लंगड्या माणसाच्या तोंडी पायाचं मागणं घातलं नाही, ही गोष्ट खरी आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

आता दंतकथा बाजूला ठेवून पायाच्या इतिहासाकडे येतो.

महादजींचे वडील राणोजी शिंदे यांनी उज्जैन आपलं ठाणं केलं. त्यांचे पाच मुलगे. जोतिबा गेला. जयाप्पाचा १७५५ साली नागोरला दगाफटक्यानं खून झाला. दत्ताजी १० जानेवारी १७६० ला दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले. वर्षभरानं, १४ जानेवारी १७६१ ला पानिपत. तिथे तुकोजी गेले, जयाप्पाचा तरुण मुलगा जनकोजी गेला. एका घराची ही यादी आहे, श्रोतेहो. पाच भावांत उरले फक्त महादजी, आणि तेही धडधाकट उरले नाहीत.

कसे वाचले? ही हकीकत महादजी स्वतः आपल्या माणसांना सांगत, आणि पुढे माळव्याचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन माल्कमनं ती टिपून ठेवली. रणातून ते निघाले ते एका उमद्या दख्खनी घोडीवर. मागे एक अफगाण स्वार लागला, त्याचं जनावर बोजड. घोडी पुढे निघून जाई, महादजी तिला दम खाऊ देत, की मागे तो अफगाण दिसे, आपल्या संथ चालीनं येतच असलेला. कोस मागून कोस असंच. शेवटी घोडी थकून एका खंदकात कोसळली. स्वारानं गाठलं, कुऱ्हाडीचा घाव गुडघ्यावर घातला, अंगावरचा ऐवज काढून घेतला, घोडी घेतली आणि मरायला टाकून निघून गेला. त्यानंतर कित्येक वर्षं तो स्वार महादजींना झोपेत दिसत असे, मागून येताना. लढाया जिंकलेला, इंग्रजांशी तह घडवून आणणारा सेनापती रात्री एका बोजड घोड्याच्या टापांनी दचकून उठतो, हे त्यांनी लपवलं नाही. मला या कबुलीचं फार अप्रूप वाटतं. माझ्याही स्वप्नात अनेक वर्षं मी पळत असे आणि पडत असे.

आणि मग तो आला, ज्याच्यासाठी मी खरं तर हे व्याख्यान घेतलं. राणेखान. भिस्ती. फौजेला पाणी पुरवणारा. ज्या बैलावर पाण्याची पखाल लादायची, त्या बैलावर त्यानं या रक्तानं माखलेल्या माणसाला घातलं आणि दख्खनच्या वाटेला लावलं. पानिपत ते दख्खन! जरा विचार करा. हरलेली फौज, वाटेत लुटारू, पाठीवर फाटलेल्या गुडघ्याचा माणूस आणि चालायला एक बैल. सोडून दिलं असतं तर राणेखानला कुणी दोष दिला असता का?

पाय अखेरपर्यंत अधूच राहिला. सरदारीसाठी घरच्या वारसाचे वाद, पुण्याच्या दरबारातली दिरंगाई, यात वर्षं गेली. ती मिळाली १७६८ मध्ये. पुढचं तुम्हाला माहीत आहे. बादशहा शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर परत बसवलं, १७७९ साली वडगावला इंग्रज फौजेला गुडघे टेकायला लावण्यात मोठा वाटा, १७८२ चा सालबाईचा तह, १७८४ मध्ये पेशव्यांच्या नावानं बादशाहीची मुखत्यारी. शाळेच्या पुस्तकात हे सगळं असतं. पायाचं एक वाक्य असतं. राणेखानचं कधी अर्धं असतं, कधी तेही नसतं.

महादजींच्या दरबारात मात्र तो अर्ध्या वाक्याचा धनी नव्हता. त्याला त्यांनी ‘भाई’ म्हटलं. कागदोपत्री तो राणेखानभाई झाला. आणि हे नुसतं प्रेमाचं संबोधन नव्हतं. पखालीवाल्याच्या हाती त्यांनी फौज दिली. त्या काळात जात, कूळ, मानपान यांचा विचार केला म्हणजे हे किती मोठं पाऊल होतं ते कळेल. किती सरदार मनातून जळले असतील! ज्यानं आपल्याला उचललं त्याला बक्षीस देऊन मोकळं व्हायचं, एक गाव इनाम द्यायचं आणि पुन्हा त्याचं तोंड बघायचं नाही, हा सोपा मार्ग होता. आपल्या असहायतेचा साक्षीदार रोज समोर असणं सोपं नसतं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. महादजींनी त्या साक्षीदाराला शेजारी बसवलं.

आता या गोष्टीचं सर्वांत विलक्षण पान. १७८८ चा ऑगस्ट. गुलाम कादिर रोहिल्यानं दिल्लीच्या लाल किल्ल्यात शिरून म्हाताऱ्या शाह आलमचे डोळे काढले. बादशहा आंधळा झाला. त्याला सोडवायला महादजींनी कुणाला पाठवलं? राणेखानला. मराठी फौज दिल्लीत शिरली, गुलाम कादिर पळाला, पाठलाग झाला, तो पकडला गेला आणि १७८९ मध्ये त्याला देहदंड झाला. आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवलं गेलं.

सांख्यांनी प्रकृती आणि पुरुष यांचं नातं समजावताना एक दृष्टांत दिला आहे, पंग्वंधन्याय. पांगळ्याला दिसतं पण चालता येत नाही, आंधळ्याला चालता येतं पण दिसत नाही. आंधळ्यानं पांगळ्याला खांद्यावर घ्यावं, पांगळ्यानं वाट सांगावी, म्हणजे दोघे घरी पोचतात. हा दृष्टांत तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी अनेकदा शिकवला. पण १७८९ साली हिंदुस्थानच्या बादशाहीत तो प्रत्यक्ष घडत होता. तख्तावर आंधळा शाह आलम, कारभार लंगड्या पाटीलबाबाकडे. आणि त्या दोघांनाही उचलून सुखरूप ठिकाणी आणणारा माणूस एकच, पाणक्या राणेखान. एकाला १७६१ मध्ये, दुसऱ्याला १७८८ मध्ये. आंधळा आणि पांगळा यांच्या दृष्टांतात सांख्यांना तिसरा माणूस लागला नाही. खऱ्या जगात तो लागतो.

म्हणून मी म्हणतो, अधू मुलाच्या गोष्टीतला नायक निवडताना आपली नजर चुकते. आपण शिखरावर बघतो. मुलालाही तिकडेच बघायला लावतो. तो बघ लंगडा, पण बादशाहीचा मुखत्यार झाला. तू का नाही होणार? मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण देतो. पेठ इस्लामपूरचा हा मुलगा, सैन्यात गेला, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली जायबंदी झाला, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आला. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडावं लागलं, सिनेमा निघायला २०२४. त्यांचा मला अतोनात आदर आहे. पण पदकाआधी त्या माणसाला किती हातांनी उचललं असेल, पाण्यात सोडलं असेल, पाण्यातून काढलं असेल, त्या हातांचा सिनेमा कोण काढणार? आणि जे पदक जिंकत नाहीत त्यांचं काय? माझ्या पिढीत पोलिओ झालेली मुलं गल्लीगल्लीत होती. देशभर पल्स पोलिओ सुरू झालं १९९५ मध्ये, शेवटचा रुग्ण सापडला जानेवारी २०११ मध्ये, हावड्याला. त्याआधीच्या काळातल्या आम्हा सगळ्यांना एकच सल्ला मिळत असे, बसून करायचं काम शीक. शिवणकाम शीक, घड्याळं दुरुस्त कर, टेलिफोन बूथ घे. नायक म्हणून मात्र आमच्यापुढे डोंगर ओलांडणारे ठेवले जात.

आता त्या पाठुंगळीच्या ओझ्याकडे येतो.

आठव्या वर्षापर्यंत आईनं मला कडेवर, खांद्यावर वागवलं. मग मी जड झालो. शाळा लांब. तेव्हा शेजारच्या छिपा घराण्यातला एक मुलगा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, एक दिवस दारात येऊन खाली बसला आणि पाठ पुढे करून म्हणाला, चल. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापडावर ठशांची छपाई आणि बाटिकचं काम. उज्जैनच्या बाटिकला आता २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं. त्याच्या मानेला वितळलेल्या मेणाचा वास येई, बोटांना निळा रंग कायमचा बसलेला. तीन वर्षं, पावसाळा धरून, त्यानं मला शाळेत पोचवलं. संध्याकाळी क्षिप्रेवर कापड धुवायला जाताना मलाही घेई, घाटाच्या कोरड्या पायरीवर ठेवी, आणि कापडं वाळेपर्यंत मी त्याला महादजींच्या गोष्टी सांगे. घोडी, खंदक, कुऱ्हाड, सालबाई, दिल्ली, सगळं सांगे. तो ऐकून घेई.

राणेखानची गोष्ट मी त्याला कधीच सांगितली नाही. मला ती तेव्हा माहीत होती. आजीनं सांगितली होती. पण माझ्या गोष्टीत पाटीलबाबा स्वतःच उठून घरी येत. मला ते तसे यायला हवे होते. पाठीवर बसून येणारा नायक मला नको होता, कारण मी रोज पाठीवर बसून जात होतो, आणि त्याची मला लाज वाटत होती. ज्याच्या पाठीवर बसून मी हे सांगत होतो त्याला त्यानंच केलेलं काम मी गोष्टीतून वगळून दाखवत होतो. माझ्या वाढण्याची जर काही कथा असेल तर ती एवढीच आहे, की ही लाज जायला मला पुढची तीस वर्षं लागली.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीला गेले. तिथली शिंदे छत्री पाहायला मी चाळिशीत गेलो, कुबड्यांवर. तिथून परत आल्यावर पहिल्यांदा मी मला पाठीवर नेणाऱ्या त्या मित्राच्या घरी गेलो आणि राणेखानची गोष्ट त्याला सगळी सांगितली, पखालीच्या बैलासकट. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘बैलाचं पुढे काय झालं?’ मला उत्तर देता आलं नाही. माझ्या नायकाच्या गोष्टीत मला न सुचलेला प्रश्न त्यानं विचारला होता.

आता शेवटची विनंती, संयोजकांना आणि आपल्या सगळ्यांना. २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनमध्ये घाट, रस्ते, पूल यांची कामं चालली आहेत. जिथे पायऱ्या बांधाल तिथे शेजारी एक उतार बांधा. हे मी माझ्यासाठी मागत नाही. मला उचलायला आज दोन तरुण आले. पण मला तीन वर्षं वाहून नेणारा तो माणूस आज ऐंशीच्या पुढे आहे. त्याचे गुडघे गेले आहेत. आजचं व्याख्यान ऐकायला तो आला आहे आणि या सभागृहाच्या बावीस पायऱ्या त्याला चढता आल्या नाहीत. उचलून घ्यायला त्यानं नकार दिला. तो खाली दाराशी बाकावर बसला आहे, कर्ण्यातून हे ऐकतो आहे. पुढच्या वर्षीचं व्याख्यान कृपा करून तळमजल्यावर ठेवा.